प्रोप्रा. ते प्रा. लि.

आप्पांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक रबरी शिक्का आहे. वर त्यांचं नाव, त्यापुढे ‘इंजिनिअरिंग वर्क्स’, खाली ‘शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर’ आणि सगळ्यात शेवटी एक शब्द : ‘प्रोप्रा.’ लहानपणी मला ही एखादी पदवी वाटायची, एलएल.बी.सारखी. माझे वडील प्रोप्रा. झालेले आहेत, असं मी चौथीत असताना वर्गात सांगितलंही होतं.

दोन महिन्यांपूर्वी माझाही एक शिक्का तयार झाला. पुण्यात एका मित्राबरोबर मी कंपनी काढली. मराठीत आपण दुकान टाकतो, धंदा करतो, पण कंपनी ‘काढतो’. कर्जही काढतोच. तर सुट्टीला कोल्हापूरला गेलो तेव्हा कौतुकानं तो शिक्का आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, शिक्का उलटा धरून अक्षरं वाचली, मग कागदावर एकदा उठवून बघितला.

“ह्यात तुझं नाव कुठाय?”

“नसतं आप्पा. कंपनीचं असतं. खाली मी डायरेक्टर म्हणून सही करायची.”

“मग बुडली तर देणार कोण?”

“कंपनी.”

“कंपनी म्हणजे कोण?”

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. सहा वर्षं प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांमध्ये नोकरी केली, आता स्वतःची काढली, आणि हे मला दोन वाक्यांत सांगता येत नव्हतं. मी कोड लिहिणारा माणूस, वकील नाही की सीए नाही. परत आल्यावर मी जमेल तसं वाचायला घेतलं. हा लेख म्हणजे आप्पांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. त्यातला शेवटचा भाग मला वाचून मिळालेला नाही.

*

आधी सोपा भाग. कंपनी हा कायद्याच्या नजरेत एक वेगळा माणूस असतो. केंद्र सरकारच्या पोर्टलवर ‘स्पाइस प्लस’ नावाचा फॉर्म भरायचा, नाव राखून ठेवायचं, प्रायव्हेट लिमिटेडसाठी किमान दोन भागधारक आणि दोन संचालक दाखवायचे, नियमांची कागदपत्रं जोडायची. काही दिवसांनी ईमेलनं प्रमाणपत्र येतं. त्यावर 21 अक्षरी-अंकी ओळख क्रमांक असतो. पॅन कार्डही येतं. तुमच्या-माझ्या पॅनमधलं चौथं अक्षर ‘पी’ असतं, पर्सनचं. कंपनीच्या पॅनमध्ये तिथे ‘सी’ असतो. माझ्या पॅनवर माझी जन्मतारीख आहे आणि कंपनीच्या पॅनवर तिच्या स्थापनेची. ती दोन महिन्यांची आहे. तिचं बँकेत खातं आहे, ती जागा विकत घेऊ शकते, कोर्टात दावा लावू शकते, तिच्यावर दावा लावता येतो. मी मेलो, मित्र मेला, तरी ती आपोआप मरत नाही. 2013च्या कंपनी कायद्याच्या नवव्या कलमात हे सगळं एका परिच्छेदात लिहिलेलं आहे.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा वेगळा प्रोसेस आहे. स्वतःचा आयडी, स्वतःची मेमरी. तो क्रॅश झाला तरी मशीन चालू राहतं. कंपनी बुडाली तर मी शेअर्समध्ये घातलेले पैसे जातात, पण देणेकरी माझ्या घरी येऊ शकत नाहीत. शिक्क्यावर जो ‘लिमिटेड’ असतो तो हाच. मर्यादा कंपनीच्या देण्याला नसते, ते तिला पूर्णच द्यावं लागतं. मर्यादा असते ती मालकांच्या जबाबदारीला.

आप्पांना हे फोनवर सांगताना मला देवस्थान इनामाचं उदाहरण सुचलं. जमीन देवाची, सातबाऱ्यावर नावही देवाचंच, वहिवाट पाहणारे मात्र पुजारी किंवा ट्रस्टी. देवाला कायद्यानं व्यक्ती मानलेलं आहे. प्रिव्ही कौन्सिलनं 1925 साली एका कौटुंबिक मूर्तीच्या खटल्यात तेच मान्य केलं होतं. तसंच कंपनीचं, मी म्हणालो.

“देव बुडत नाही पण,” आप्पा म्हणाले.

*

वेगळ्या माणसाची ही कल्पना खरोखर किती ताणता येते, याचा निकाल लंडनमधल्या एका बुटाच्या धंद्यानं लावला. अ‍ॅरन सॉलोमन हा चामड्याचे बूट बनवणारा कारागीर. धंदा त्याच्या एकट्याचा, म्हणजे आपल्या भाषेत प्रोप्रा. 1892 साली त्यानं तो धंदा एका लिमिटेड कंपनीला विकला. त्या काळच्या कायद्यानुसार सात सभासद लागायचे. ते सात जण म्हणजे तो, त्याची बायको आणि पाच मुलं. वीस हजारांहून जास्त शेअर्स त्याचे आणि बाकी सहा जणांचा प्रत्येकी एक. धंद्याच्या किमतीपोटी त्यानं कंपनीकडून दहा हजार पौंडांचे तारण असलेले कर्जरोखेही घेतले. म्हणजे सॉलोमन हा सॉलोमनच्याच कंपनीचा सावकार झाला, आणि तारण असल्यामुळे रांगेत पहिला.

धंदा वर्षभरातच बसला. माल उधार दिलेल्या लोकांना काही उरलं नाही. त्यांच्या वतीनं अवसायक कोर्टात गेला : ही कंपनी म्हणजे नुसता बुरखा आहे, आत सॉलोमनच आहे, त्यानं स्वतः देणी द्यावीत. खालच्या दोन्ही कोर्टांना ते पटलं. 1896 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं मात्र निकाल फिरवला. कंपनी कायद्याप्रमाणे नोंदलेली आहे ना? मग ती सॉलोमनपासून वेगळी. विषय संपला.

हा निकाल आजही भारतात कंपनी कायद्याच्या पहिल्या धड्यात शिकवतात. फसवणूक झाली असेल तर कोर्ट बुरखा दूर करतं, पण नुसता तोटा झाला म्हणून करत नाही.

हे वाचताना मला राग यायला हवा होता, पण लगेच आला नाही. कारण दुसरी बाजूही खरी आहे. अनोळखी माणसाच्या धंद्यात पाच हजार रुपये घालताना, तो बुडाला तर माझा फ्लॅट जाईल अशी भीती असती, तर मी कधीच शेअर घेतला नसता. तुम्ही मोबाइलवर ज्या अ‍ॅपवरून शंभर रुपयांचे शेअर्स घेता, ते या ‘लिमिटेड’ शब्दाशिवाय चाललं नसतं. मोठी कामं अशाच गोळा केलेल्या पैशांवर उभी राहिली. मुंबई-ठाणे रेल्वे 16 एप्रिल 1853ला धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नावाच्या कंपनीची होती, आणि तिचे भागधारक बहुतेक इंग्लंडमध्ये बसलेले होते. पण याच गोष्टीत आणखी एक तपशील आहे. त्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती. रेल्वेनं तेवढं कमावलं नाही तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. म्हणजे शेतसारा भरणारा कुणीतरी, ज्यानं तो शेअर पाहिलाही नव्हता.

धोका नाहीसा होत नाही, तो कुणाकडे तरी जातो. हे मला पुस्तकातून कळायच्या आधी घरात कळलं होतं. फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

*

2013 साली मी दहावी झालो. आप्पांच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा तीन लेथ होते आणि चार कामगार. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं टर्निंगचं जॉबवर्क आमच्याकडे यायचं, आणि ते एकूण कामाच्या अर्ध्याहून जास्त होतं. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, आमच्याकडे मशीनिंग होऊन पुढे जायचं. बिलाचे पैसे आधी तीस दिवसांत मिळायचे, मग साठ, मग नव्वद. छोट्या पुरवठादारांचे पैसे 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर जबर व्याज, असा कायदा 2006 पासून आहे. आप्पांना तो माहीतही होता. पण अर्ज केला तर पैसे मिळतील आणि काम जाईल, हेही माहीत होतं. त्यांनी अर्ज केला नाही.

मग एक दिवस त्या कंपनीच्या गेटला कुलूप लागलं. आमचे सहा लाख ऐंशी हजार अडकले.

आप्पा दावा दाखल करायला गेले तेव्हा त्यांना ती रांग समजली. बंद पडलेल्या कंपनीचं जे काही विकलं जातं, त्यातून पहिले कामगार आणि तारण घेतलेली बँक. मग सरकारी देणी. मग उरलं तर बिनतारणी देणेकरी. आप्पा तिथे होते. त्यांच्याही मागे फक्त भागधारक. आम्हाला त्यातून एक रुपयाही मिळाला नाही. कंपनीचे मालक शहरातच होते. एका लग्नात ते आप्पांना भेटले, नमस्कारही झाला. माणूस वाईट नव्हता असं आप्पा आजही म्हणतात. त्यांचेही पैसे गेले होते. फक्त घर राहिलं होतं.

आता हीच गोष्ट उलट्या बाजूनं बघा. आप्पांनीही उधारीवर माल घेतला होता. टूल्सवाला, स्टीलवाला, बँकेचं कॅश क्रेडिट, कामगारांची दिवाळी. त्यांच्यापुढे आप्पा कोण? प्रोप्रा. त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. प्रोप्रायटरीमध्ये धंदा आणि माणूस वेगळे नसतात. वर्कशॉपचं देणं म्हणजे आप्पांचं देणं, आणि आप्पांचं सगळं म्हणजे वर्कशॉपचं तारण. एक लेथ विकला. आईच्या पाटल्या गेल्या. गावाकडचा प्लॉट गेला. स्टीलवाल्याचे पैसे हप्त्यानं 2019 पर्यंत चालले होते. त्याचं दुकान आमच्या घरापासून वर्कशॉपला जायच्या वाटेवर. मागून एक बोळ आहे, तिथून गेलं तर दुकान लागत नाही. सहा वर्षांत आप्पा एकदाही त्या बोळातून गेले नाहीत.

तेव्हा मला हा नुसता हट्ट वाटायचा. माझी इंजिनिअरिंगची फी शैक्षणिक कर्जातून जात होती आणि आप्पा स्टीलवाल्याला हप्ते देत होते. मी एकदा रागानं म्हणालो होतो, “त्यांनी तुमचे बुडवले, तुम्हीही बुडवा.” आप्पांनी ताटावरून मान वर केली नाही. “ती कंपनी हुती,” एवढंच म्हणाले.

म्हणून मी कंपनी काढताना एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड याचा विचार केला, पण प्रोप्रायटरीचा एक सेकंदही केला नाही. आमच्या घरात ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

*

तर अशी ‘लिमिटेड’ ढाल घेऊन मी आणि माझा मित्र बँकेत गेलो. पंधरा लाखांचं खेळतं भांडवल हवं होतं. मॅनेजरनं कंपनीची कागदपत्रं पाहिली, दोन ग्राहकांच्या ऑर्डर्स पाहिल्या, आणि एक फॉर्म पुढे सरकवला. दोन्ही संचालकांची वैयक्तिक हमी.

“पण कंपनी वेगळी आहे ना?” मी विचारलं. म्हणजे मी खरंच विचारलं. मॅनेजर माझ्याच वयाचा होता. तो हसला आणि म्हणाला, “सर, दोन महिन्यांच्या बाळाला कोण कर्ज देतं? आईवडिलांची सही लागते.”

वैयक्तिक हमी दिली की त्या कर्जापुरती ढाल संपते. कंपनीनं दिले नाहीत तर बँक थेट माझ्याकडे येणार. कंपनीच्या दिवाळखोरीचा निवाडा झाला म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही 2021 साली स्पष्ट केलं आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण कर्जाच्या भीतीनं नाही. एक साधी गोष्ट डोक्यात फिरत होती. बँकेला माहीत होतं की कंपनी हा कागदावरचा माणूस आहे, म्हणून तिनं मागचा खरा माणूस करारात बांधून घेतला. मोठ्या घरमालकानं सहा महिन्यांचं डिपॉझिट घेतलं. क्लाउड सर्व्हर देणाऱ्या कंपनीनं कार्ड आधी मागितलं. ज्याच्याकडे मागायची ताकद आहे त्यानं स्वतःची सोय केली. मग ‘लिमिटेड’ शब्दाची झळ नेमकी कुणाला? ज्याला हमी मागता येत नाही त्याला. जो महिनाअखेर बिल देतो त्याला. टर्निंगवाल्याला, टेम्पोवाल्याला, नोकरीला लागलेल्या पोराला.

आणि चहावाल्याला.

*

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझी याआधीची नोकरी बाणेरमधल्या एका स्टार्टअपमध्ये होती. आम्ही चौदा जण. खाली टपरीवरून दिवसातून दोनदा चहा यायचा. आणणाऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. मामांची एक लाल वही होती. रोजचे कप त्यात लिहायचे आणि ऑफिसमधल्या कुणीतरी सही करायची. मी दाराजवळ बसायचो, त्यामुळे बहुतेक वेळा मी करायचो. महिन्याचं बिल आठ हजारांच्या आसपास व्हायचं.

गुंतवणूक येणार होती, ती आली नाही. आधी पगार दहा दिवस उशिरा, मग अर्धा, मग एका शुक्रवारी व्हिडिओ कॉल. माझे दोन महिन्यांचे पगार गेले. फाउंडर कॉलवर रडला, आणि ते नाटक नव्हतं. सहा महिन्यांनी त्यानं दुसरी कंपनी काढली. कायद्यानं त्यात काही चूक नाही. एक प्रयत्न फसला म्हणून माणसाला आयुष्यभर बांधून ठेवू नये, हेच तर या व्यवस्थेचं मोठेपण सांगतात. मलाही ते पटतं. आप्पांची सहा वर्षं बघितल्यामुळे जास्तच पटतं.

सामान घ्यायला गेलो त्या दिवशी मामा वही घेऊन जिन्यात उभे होते. तीन महिन्यांचं मिळून 22,400 रुपये. त्यांनी वही उघडून दाखवली. ओळीनं माझ्या सह्या होत्या.

“मामा, ते कंपनीचं आहे,” मी म्हणालो.

“कंपनी म्हंजी तुमीच की सायेब.”

मी त्यांना माझेही पगार बुडाले ते सांगितलं. ते ऐकून त्यांनी मलाच धीर दिला. खिशातले आणि एटीएममधून काढलेले मिळून सहा हजार मी त्यांना दिले. बाकीचे बघू म्हणालो. नवी नोकरी लागली, पगार वाढला, बघायचं राहिलं. त्या टपरीवरून जायचा रस्ता मी सोडला. पलीकडून एक रस्ता आहे, दोन सिग्नल जास्त लागतात.

आप्पांनी शिक्का हातात घेऊन “कंपनी म्हणजे कोण?” विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, त्याचं खरं कारण हे होतं. हा प्रश्न मला याआधी एकदा जिन्यात विचारून झाला होता. तेव्हा उत्तरही विचारणाऱ्यानंच दिलं होतं.

मागच्या आठवड्यात फोनवर आप्पांना हे सगळं सांगितलं. सॉलोमन, बँकेची हमी आणि शेवटी लाल वही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे लेथचा आवाज येत होता.

“मग तू कायद्यानं लागत नाहीस?”

“नाही.”

“बरं,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं : “ती टपरी हाय काय अजून तिथं?”

टपरी नव्हती. रस्ता रुंद करताना हलवली होती. वॉचमननं नंबर दिला. मामा आता सूसला मुलाच्या गाडीवर बसतात. पोहे, चहा, वडापाव. मला त्यांनी लगेच ओळखलं नाही. वहीचं सांगितल्यावर ओळखलं. ती वही त्यांनी कधीच रद्दीत घातली होती. मी 16,400 पाठवले तेव्हा त्यांच्या मुलानं फोनवर रक्कम पाहिली आणि संशयानं माझ्याकडे पाहिलं. मामांनी चहा दिला. त्याचे बारा रुपये मी द्यायला लागलो तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या.” मी बळेच दिले. उधारी नको होती.

आमच्या कंपनीत आम्ही एक नियम लिहून घेतला आहे. पंचवीस हजारांच्या आतलं कुणाचंही बिल सात दिवसांत द्यायचं, खात्यात पैसे कमी असतील तर आधी आमचे दोघांचे पगार थांबवायचे. हा नियम बदलणं आमच्याच हातात आहे, आणि कंपनी खरंच अडचणीत येईल तेव्हा आम्ही कसे वागू याची खात्री मी आज देऊ शकत नाही. मामांना मी एकदा पाहून घेतलं आहे, स्वतःलाही.

आमच्या सीएशी परवा बोलताना हे 16,400 सहज निघाले. तो तत्परतेनं म्हणाला, हा खर्च कंपनीच्या वह्यांत दाखवता येणार नाही. बरोबर आहे. तो माझ्या वैयक्तिक खात्यातून गेला आहे, त्या पॅनवर, ज्याचं चौथं अक्षर ‘पी’ आहे.